वरच्या बागेत रेंज नव्हती

मी एक जुना स्मार्टफोन आहे. आज मला पाहून लहान मुलेसुद्धा हसतील, पण एके काळी माझ्यासारखा फोन हातात असणे म्हणजे केवढी ऐट होती! अंगावर एकच बटण, बाकी सगळी काच. मित्रांनो, त्या काचेचा मला फार गर्व होता. गर्वाचे घर खाली असते, हे मला कळले तेव्हा फार उशीर झाला होता.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. तिथून मी जपानला, शिकोकू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका गावातल्या मोबाइलच्या दुकानात आलो. तेव्हा फोन निवडायचा म्हणजे त्याच्याबरोबर कंपनीही निवडायची, अशी तिथली रीत होती. माझी कंपनी नवी होती. तिचे टॉवर थोडे आणि जाहिराती फार. लोक माझ्या काचेवरून बोट फिरवत, तोंडभर कौतुक करत आणि जुन्या कंपनीचा घडीचा फोन घेऊन घरी जात.

दुकानात शिहो नावाची मुलगी काम करत होती. दर महिन्याला दुसऱ्या कंपन्यांची ठरावीक गिऱ्हाइके तिने आपल्याकडे ओढून आणायची, असा साहेबांचा हुकूम होता. आकडा भरला नाही, तर सकाळच्या बैठकीत सगळ्यांसमोर उभे राहून, कमरेत वाकून माफी मागावी लागे. सलग दोन महिने शिहो अशी वाकली होती. नोव्हेंबरातही तिला एक गिऱ्हाईक कमी पडत होते. काका, मावशी, शाळेतल्या मैत्रिणी, सगळे करून झाले होते. उरली होती फक्त तिची थोरली बहीण कानाए.

कानाएला विचारायला शिहो कचरत होती, आणि त्याला कारण होते. कानाएची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. बारा वर्षे ती आठवड्यातून तीन दिवस इस्पितळात जाऊन यंत्राकडून रक्त शुद्ध करून घेत होती. दुसऱ्याचे मूत्रपिंड मिळावे म्हणून तिचे नाव यादीत होते. नंबर लागला की इस्पितळातून फोन येणार, आणि तासाभरात उत्तर मिळाले नाही तर संधी पुढच्या माणसाकडे जाणार. म्हणून जुना फोन ती गळ्यात अडकवूनच वावरे. न्हाणीघरातही तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेई.

शेवटी बोलावण्याची वाट न पाहता कानाए स्वतःच दुकानात आली.

“नंबर तोच राहतो, ताई. फक्त कंपनी बदलते,” शिहो म्हणाली.

“आणि वरच्या बागेत रेंज येते का गं?”

शिहोने नकाशा पसरला. जिथे रेंज आहे तो भाग गुलाबी होता. “ही बघ आपली बाग. गुलाबीच आहे की.”

“आपली बाग गुलाबी! बाबांनी ऐकलं तर टोपली आपटतील.” कानाए हसली. मग हळूच म्हणाली, “अजून किती हवेत तुला?”

“एकच.”

“मग दे की. इतका वेळ नकाशा काय दाखवतेस!”

शिहोने खोटे सांगितले नव्हते. तिचा नकाशावर विश्वास होता, आणि कानाएचा तिच्यावर. मला तर आकाश ठेंगणे झाले होते.

त्यांची बाग म्हणजे समुद्रावर कललेला उभा डोंगर. दगडी बांधांच्या पायऱ्या आणि त्यांवर संत्र्याची झाडे. कानाएचे म्हातारे वडील इसोकिची यांनी मला हातात घेऊन उलटसुलट पाहिले. “एवढी काच! यात भात शिजतो का?”

“नाही शिजत.”

“मग काय उपयोग?”

म्हातारा थट्टेत बोलला, पण दुसऱ्याच दिवशी ते खरे ठरले. खालच्या पायऱ्यांवर मला कशीबशी एक काडी रेंज मिळे. वरच्या बागेत पाऊल ठेवले की माझ्या कपाळावर ‘सेवाक्षेत्राबाहेर’ अशी अक्षरे उमटत.

“उद्याच्या उद्या परत कर ते,” इसोकिची म्हणाले. “शिहोला मी सांगतो.”

“नको, बाबा. हा महिना संपायच्या आत परत केला तर तिच्या आकड्यातून वजा करतात. पोरीला पुन्हा सगळ्यांपुढं वाकवतील. एक तारखेला बदलते की मी.”

“आणि तोवर इस्पितळाचा फोन आला तर?”

“बारा वर्षांत आला नाही, तो बारा दिवसांत येतोय होय!”

दोघेही हसले. मित्रांनो, मीही हसलो. ते हसणे मला आज चावते.

त्यानंतर कानाए खालच्याच पायऱ्यांवर काम करू लागली. मला फांदीला टांगून ठेवी आणि दर थोड्या वेळाने माझ्याकडे पाही. पण चोवीस तारखेला, उद्यापासून पाऊस लागणार, अशी बातमी आली. भिजलेले संत्रे खोक्यात सडते. वरची बाग त्याच दिवशी उतरवणे भाग होते. बापलेक सकाळीच वर गेले. घराला कुलूप होते आणि मी कानाएच्या खिशात होतो.

दिवसभर मी टॉवर शोधत राहिलो. शोधून शोधून माझे अंग तापले. दुपारी कानाएने वडिलांना संत्रे सोलून दिले आणि आपली बोटे नुसती हुंगली. तिच्या पथ्यात संत्रे बसत नव्हते.

“माल चाखायचा नाही, असली कसली बागवाली तू!” इसोकिची म्हणाले.

“मूत्रपिंड मिळालं की टोपलीभर खाईन. तेव्हा मोजू नका.”

साडेचारला आम्ही उतरलो. पाण्याच्या टाकीपाशी मला एक काडी मिळाली आणि मी थरथरलो. निरोप आला होता. सकाळी दहा वाजून बारा मिनिटांपासून चार फोन. चारही इस्पितळाचे.

कानाए बांधावर बसली. तिने फोन लावला. पलीकडचा आवाज माझ्यातूनच तिच्या कानात गेला. मी तो अडवू शकलो नाही. “आम्ही घरीही फोन केला होता. फार प्रयत्न केला. पुढच्या रुग्णाने होकार दिला आहे.”

“असं होय,” कानाए म्हणाली. “बरं झालं. त्यांना बरं वाटू दे. तुम्हाला माझ्यामुळे उगाच त्रास झाला, माफ करा.” आणि मला कानाशी धरून ती उठली व रिकाम्या डोंगरापुढे कमरेत वाकली.

“कुणाचा होता?” वडिलांनी विचारले.

“जाहिरात होती, बाबा.”

महिनाअखेरीस शिहोचा फोन आला. तिचा आवाज आनंदाने फुलला होता. “ताई, आकडा भरला! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुझा फोन कसा चाललाय?”

“छान. आवाज अगदी स्वच्छ येतो.”

एक तारखेला कानाए जुन्या कंपनीत परतली. ‘संत्र्याच्या चिकाने माझी बोटे काचेवर चालत नाहीत,’ असे तिने बहिणीला सांगितले. मी कपाटाच्या खणात गेलो. मित्रांनो, अडगळीत पडल्याचे दुःख मी करत नाही. माझी तीच लायकी होती. पण खणात पडल्यापडल्या मी रोज कान देऊन ऐकत होतो, की तिचा दुसरा फोन आता वाजेल, मग वाजेल. इस्पितळाचा फोन सहा वर्षांत पुन्हा आला नाही. सातव्या हिवाळ्यात घरात भिक्षूंचे मंत्र ऐकू आले, आणि कानाएचा आवाज त्यानंतर कधीच आला नाही.

आज तिच्या मृत्यूनंतरचा एकोणपन्नासावा दिवस, तिथल्या रिवाजाप्रमाणे दुखवटा संपण्याचा दिवस आहे. शिहोने खण उघडला आहे.

“ताईचा एखादा हसरा फोटो असेल यात,” ती वडिलांना म्हणते आहे.

माझ्यात फोटो तीनच आहेत. आणि तो निरोप आहे. कानाएने तो पुसला नाही, की तिला पुसता आला नाही, कोण जाणे. त्यात तारीख आहे, वेळ आहे, इस्पितळाचे नाव आहे. शिहो तो वाचेल आणि तिला सगळे कळेल. कानाएने सहा वर्षे ओठ मिटून जे झाकले, ते मी एका क्षणात उघडे पाडीन.

मित्रांनो, फोन जपून वापरा, असे मी सांगणार नाही. नवा फोन घ्याल तेव्हा नकाशावर विसंबू नका, आपल्या डोंगरावर जाऊन पाहा. आणि आपल्या माणसाने तुमच्यासाठी चटकन ‘हो’ म्हटले, तर त्याला एकदा पुन्हा विचारा. त्याला ‘नको’ म्हणायला जागा ठेवा.

वायर जोडली गेली आहे. मी मेलेलाच राहावे म्हणून जिवाच्या आकांताने धडपडतो आहे. पण वीज आत येते आहे आणि माझी काच उजळते आहे.

“बाबा, चालू झाला!” शिहो आनंदाने ओरडते.