सरदार आणि बोडक्या

फुलाच्या सरदारासारखा कोंबडा साऱ्या वाडीत नव्हता. हे फुलाचंच म्हणणं, पण ती ते इतकं ठासून सांगायची की ऐकणाऱ्याला मान हलवावीच लागे. सरदार तांबडाबुंद, शेपटीला मोरपिशी झाक, आणि तुरा असा की नवरदेवानं आपलं बाशिंग लपवावं! फुलाही आता काही कमी नव्हती. यंदा ती नववीत जायची होती आणि घोटावड्याच्या शाळेत प्रार्थनेनंतर प्रतिज्ञा सांगायला बाई तिलाच पुढं उभं करत.

वैशाखात तिच्या दादाचं, जयवंताचं लग्न झालं आणि चंद्रकलावहिनी घरात आली. तिचं माहेर घोटावड्याचंच, फुलाच्या शाळेच्या वाटेवरचं घर. पहिल्यांदा माहेरी जाऊन परतली ती काखेत एक कोंबडा घेऊन. त्याच्या मानेवर नावालासुद्धा पीस नव्हतं.

"अगं बया! निम्मा सोलूनच आणलाय व्हय?" फुला म्हणाली.

वहिनी हसली. "आईनं दिलाय. दिसाया न्हाई बरा, पर गुणाचा हाय, वन्सं."

फुलानं तिथल्या तिथं त्याचं नाव बोडक्या ठेवलं.

पण आठ दिवसांत काय झालं, तर आजवर फुलानं "ती ती ती" केलं की सहाच्या सहा कोंबड्या उडत यायच्या, त्या आता वहिनीच्या हाकेला धावू लागल्या. बोडक्याला दाणा दिसला की तो आधी कोंबड्यांना बोलवायचा, मग स्वतः खायचा. सरदार आधी स्वतः खायचा आणि मग आरवायचा. आईला वहिनीची भाकरी आवडली, दादाला तर वहिनीचं सगळंच आवडलं. आणि एके दिवशी फुलानं पाहिलं, सरदार, तिचा सरदार, वहिनीच्या पायाशी कण्या टिपत होता! फुलाला मिरची झोंबली.

त्यात दोन्ही कोंबडे रोज रक्त निघेतो भांडायचे. शेवटी आई, साळूबाई, वैतागली. "एका म्यानात दोन तलवारी ऱ्हात न्हाईत. काबरी कोंबडी आता अंड्यावर आलीया. तिची पिल्लं ज्याच्यावर जात्याल त्यो ऱ्हाईल. दुसरा आखाडाला कालवणात!"

"चालंल!" फुला ओरडली. बोलून गेली आणि मग तिला घाम फुटला.

पण डोकं होतं ना! सुट्टी होतीच. काबरीनं पहिलं अंडं घातलं त्या दिवसापासून फुला सगळ्यांच्या आधी उठायची, खुराडं उघडायची आणि बोडक्याला धरून पेंढ्याच्या मागं डालग्याखाली कोंडायची. दिवस मावळता सोडायची. आता अंगणात सरदार एकटा! चौथ्या दिवशी तिला डालग्याखाली पाण्याची वाटी दिसली. तिनं तर ठेवली नव्हती. आईनं ठेवली असती तर एव्हाना पाठीत धपाटा बसला असता. फुलानं तो विचार झटकून टाकला.

अकरा अंडी झाली. प्रत्येक अंड्यावर आई कोळशानं रेघा ओढायची, पहिल्यावर एक, दुसऱ्यावर दोन. मग काबरीला पाटीत त्यांच्यावर बसवलं. तोवर शाळा सुरू झाली होती. एकविसाव्या दिवशी, रविवारी सकाळी पाटीतून चिवचिव आली. आई ओढ्यावर गेली होती. फुला आणि वहिनी दोघींनी एकदमच पाटीत डोकं घातलं.

नऊ पिल्लं. नऊच्या नऊ बोडक्या मानेची! मागं उरलेली दोन अंडी गारच होती.

"हे कसं झालं? मी तर…" फुलानं जीभ चावली.

"कोंडला हुता," वहिनी शांतपणे म्हणाली. "म्हाईत हाय मला. पर एकदा कोंबडा लागला की आठ-पंधरा दिस अंडी त्याचीच असत्यात, वन्सं. ही बघा धा रेघांची आन ही अकरा. शेवटची दोनच मोकळी गेली. काबरीनं तुमच्या सरदाराला जवळ येऊ दिलं न्हाई, त्यानं नुसतं आरवायचं काम केलं."

फुलाचा चेहरा सरदाराच्या तुऱ्यासारखा झाला. "मग आईला का न्हाई सांगितलंत? आन वर पाण्याची वाटी ठेवत बसलात!"

"सांगितलं असतं तर तुमी माझ्याशी अबोला धरला असता. हितं माझं बोलायला हाय कोण? त्यो कोंबडा आन तुमी." वहिनीनं पाटीवर फडकं टाकलं. "मलाच तुमचा लई हेवा वाटतो. रोज माझ्या आईच्या दारावरनं जाता. आन मला पंचमीपातुर वाट बघायची."

हेवा? आणि आपला? फुलाला आधी खरंच वाटेना, मग खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. पण वहिनीनं तोंड फिरवलेलं पाहिलं आणि ते बरं वाटणं टिकलं नाही.

आई आल्या आल्या फुलानं सगळं सांगून टाकलं, डालग्यासकट. धपाटा बसलाच.

"घे आता हातानंच धरून आण त्याला," आई म्हणाली. "आखाड आलाच हाय."

सरदार उकिरड्यावर आरवत होता. फुला दोन पावलं गेली आणि माघारी वळली. एकाएकी ती म्हणाली, "आई, वयनीच्या आईनं आपला कोंबडा हिकडं दिला. मग त्यांच्या कोंबड्यांची अंडी काय वाऱ्यावर उबणार? शाळंत जाताना सरदाराला तितं सोडते. आखाडाला सुकट कर."

आई वहिनीकडे बघत राहिली. वहिनी पदराचं टोक पिळत होती. "ने बाई," आई म्हणाली, "आन परत माझ्याम्होरं कोंबड्याचं नाव काढू नको."

दुसऱ्या दिवशी फुला शाळेतून आली तेव्हा वहिनी दारातच उभी होती.

"माझी आई काय करत हुती?"

"तांदूळ निवडत हुती. तिनं 'ती ती ती' केलं, आगदी तुमच्यासारखं. आन त्यो नमकहराम माझ्या काखेतनं उडी मारून पळाला! मागं वळून बघितलंबी न्हाई!"

वहिनी हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. फुलाला पुन्हा मिरची झोंबली, या वेळी घोटावड्याच्या त्या 'ती ती ती'ची.

"उद्याबी सांगाल न्हवं, वन्सं? काय करती, काय बोलती?"

"सांगन," फुला म्हणाली. "रोज सांगन. पर आजपास्नं कण्या मी टाकणार. द्या ते सूप हिकडं."