साकेत बे

मी बसाल्टचा एक काळा दगड बोलतोय, मुठीपेक्षा थोडा मोठा. जन्म अंटार्क्टिकाजवळच्या एका निर्जन बेटावर. बर्फाखाली ज्वालामुखी फुटला आणि मी लाव्हा होऊन वर आलो. गार पाणी लागताच माझी कड थिजून काचेसारखी झाली. पुढे ज्वालामुखीची एक भिंत ढासळली, समुद्र त्याच्या तोंडात शिरला आणि तिथं गोल खाडी झाली. तिच्या वाळूतून अजून वाफ निघते. नाव मात्र तिला नव्हतं. आम्हाला गरजही नव्हती.

मग ब्रिस्टलहून शाल्मली आणि साकेत आले. नवरा-बायको, दोघंही भूगर्भशास्त्रज्ञ. साकेतनं हातोडीनं मला कड्यापासून सोडवलं.

"शाल्मली, ही काच बघ. किती ब्युटिफुल!"

मला तिच्या हातात देऊन तो उरलेलं सामान आणायला बोटीनं पलीकडे निघाला. तेवढ्यात समोरचा कडा पाण्यात कोसळला. केवढी लाट उठली! बोट नंतर सापडली. तो नाही सापडला.

ब्रिस्टलला मी शाल्मलीच्या टेबलावर असायचो. नकाशावरची नावं ठरवणाऱ्या समितीच्या ती मागेच लागली, खाडीला साकेतचं नाव द्या म्हणून. काही वर्षांनी ते मंजूर झालं. त्याच आठवड्यात नवा नकाशा आणि मला घेऊन ती लंडनमधल्या ईलिंगला सासऱ्यांकडे, मुरलीधररावांकडे आली.

"बाबा, ऑफिशियल झालं. हे बघा, साकेत बे."

त्यांनी चष्मा लावला, पाहिलं, चष्मा काढला.

"ज्या पाण्यानं त्याला नेलं, त्यालाच त्याचं नाव दिलंस?"

"तो तिथंच आहे ना, बाबा. मला वाटलं तुम्हाला..."

"मला विचारायचं तरी. काढायला सांग त्यांना."

"आता नाही हो निघणार."

"मग तू इथे येऊ नकोस."

ती रडत नकाशा गुंडाळून गेली. मी त्यांच्या टेबलावरच राहिलो. मुरलीधररावांनी मला मागच्या अंगणात नेऊन ठेवलं.

तेव्हापासून इथेच आहे. पाऊस पडतो, अंगावर शेवाळ चढतंय. आत रविवारी फोन वाजतो, वाजून वाजून थांबतो. परवा शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "लव्हली स्टोन! कुठून आणलात?" मुरलीधरराव वळून आत गेले. त्या रात्री स्वयंपाकघरातला दिवा लागला नाही.

तुम्ही कधी या घरी आलात, तर मला उचला, हवं तर फेकून द्या. पण मी कुठला, हे त्यांना विचारू नका.