कडक भाकरीचा पुरावा

दुसऱ्याचं चुकीचं म्हणणं खोडून काढणं ही सत्याची सेवा असते. आदिनाथला मात्र फक्त मेहुण्याची जिरवायची होती.

बारशाच्या पंगतीत तो म्हणाला होता, की सोलापूरची कडक भाकरी सहा महिने टिकते. मेहुण्यानं, रावसाहेबानं, ते तिथंच खोडून काढलं. "दाजी, आठ दिवसांत बुरशी येती की." सगळी पंगत हसली. आदिनाथची बायकोसुद्धा.

त्याच दिवशी आदिनाथनं एक भाकरी डब्यात ठेवली. सहा महिन्यांनी सासरच्या सगळ्यांसमोर ती रावसाहेबाच्या ताटात वाढली. "आता खोडून काढ."

रावसाहेबानं भाकरी आमटीत कुस्करली आणि चवीनं खाल्ली.

"लई भारी. आज सकाळचीच दिसती की, दाजी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. भाकरी संपली होती.