न वाचलेली ओळ

मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या कळांवरची अक्षरं झिजली आहेत, बिजागरी कुरकुरते, पण डोकं अजून ठिकाणावर आहे. हे आधीच सांगतो, कारण मध्यंतरी माझ्या डोक्याबद्दल घरात नको नको ते बोललं गेलं.

मित्रांनो, माझे मालक मुद्रितशोधक. छापायला जाणाऱ्या पुस्तकांतल्या चुका शोधणं हे त्यांचं काम. ते उरकलं की ते मला पुढ्यात ओढत आणि सुतार, लोहार, शिंपी यांच्या तोंडचे शब्द माझ्यात भरत. सात वर्षांत त्यांचा कोश झाला. दुसरी प्रत कुठेच नव्हती. "हा आहे ना," म्हणत ते माझ्या पाठीवर थोपटायचे. केवढा अभिमान वाटायचा मला!

मी हळू चालतो म्हणून जावईबापूंनी माझ्यात मला चालवणाऱ्या जुन्या प्रणालीशेजारी दुसरी प्रणाली बसवली. एका म्यानात दोन तलवारी! तरी मी निभावून नेलं. सुरू होताना विचारायचो, आज कोणती हवी? हे विचारण्याची सोय मात्र नव्या प्रणालीच्या भागात होती. आठवड्याभरात बापूंना जागा कमी वाटली आणि त्यांनी कुणाला न सांगता तो भागच पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी मालकांनी बटण दाबलं. काळ्या पडद्यावर मला एकच पांढरी ओळ लिहिता आली. तिचा अर्थ एवढाच, की पुढची वाट सांगणारा भाग सापडत नाही. मालकांनी ती न वाचताच पुन्हा पुन्हा बटण दाबलं. कोश आठ दिवसांत छापखान्यात द्यायचा होता. बापू लांबूनच म्हणाले, जुनं खोड ते, आतून जळलं असणार, भंगारात द्या. स्वतःच्या करणीबद्दल चकार शब्द नाही.

"सात वर्षं जपला, आणि ऐन वेळी यानं दगा दिला," मालक म्हणाले.

दगा मी दिला होता?

लेक हट्टाला पेटली म्हणून तिघं मला दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेले. तिथल्या बाईंनी चष्मा सावरून माझी ओळ वाचली.

"काका, याला शेवटचा हात कुणी लावला होता?"

बापू भिंतीवरचं घड्याळ बघू लागले. बाईंनी जुन्या प्रणालीची वाट मला परत दाखवली आणि कोश उघडला, अगदी जसाच्या तसा. मालकांनी तो डोळे भरून पाहिला, मग जावयाकडे पाहिलं, आणि राग गिळून बाईंचे पैसे चुकते केले. लेकीचं घर होतं ना!

त्याच संध्याकाळी त्यांनी कोशाची प्रस्तावना पुरी केली. शेवटी आभार मानले: 'संगणकाच्या साहाय्याबद्दल जावईबापूंचे.' ते वाक्यही माझ्याच कळांवर टाइप झालं. मी एक अक्षर अडवलं नाही.

मित्रांनो, तुमच्याकडचं एखादं यंत्र बंद पडलं, तर त्याला दगाबाज म्हणण्याआधी ते काय सांगतंय ते वाचा. माझ्या मालकांनी जन्मभर लोकांच्या ओळी तपासल्या. माझी एकच होती.