इलोनाचे दोनशे तेरा तास

गॉर्लित्झ शहराच्या कडेला असलेल्या वृद्धाश्रमात मार्लीस सत्तावीस वर्षं कर्मचाऱ्यांच्या तासांची नोंद ठेवत होती. आधी पुठ्ठ्याच्या कार्डांवर, आता संगणकावर. कुणी जास्त थांबलं की ते तास त्याच्या नावावर साठायचे आणि मार्चअखेरपर्यंत तेवढी सुट्टी घेऊन संपवावे लागायचे. उरलेले तास साठहून जास्त झाले, तर नाव लाल व्हायचं. यंदा इलोना वेंत्सेल लाल होती. दोनशे तेरा तास.

"एकतीस तारखेला हे लाल मला दिसायला नको," व्यवस्थापक ताउबर्ट दारातूनच म्हणाले. "मुख्य कार्यालयातून फोन येतात."

"करू काय मी?"

"सुट्टीवर पाठवा. नाही गेल्या, तर वरचे तास कापा. बटण आहे ना?"

मार्लीस दुसऱ्या मजल्यावर गेली. इलोना एका आजीबाईंचे पाय पुसत होती.

"आलीस माझे तास मोजायला?"

"घरी जा ग बाई. साडेपाच आठवडे होतात तुझे."

"आणि यांचं कोण करणार? तुझं मशीन?"

शेवटी एका आठवड्यावर तडजोड झाली. इलोना सोमवारपासून घरी बसली.

बुधवारी सकाळी दुसऱ्या मजल्यावरून फोन आला. दोघी सेविका आजारी पडल्या होत्या आणि बावीस म्हाताऱ्यांना सांभाळायला काट्या ही एकटीच सेविका उरली होती. "नुसती न्याहारी वाटाल का, मार्लीसबाई?" तिचा आवाज रडवेला झाला होता.

मार्लीस गेली. पावांना जॅम लावला, कडा कापल्या, कॉफी गार करून दिली. कुबित्झ आजोबांनी मात्र तोंड घट्ट मिटून घेतलं. तिने तीनदा लापशीचा चमचा पुढे केला, त्यांनी तीनदा मान वळवली.

"धारा काढून झाल्या म्हणा!" काट्या पलीकडच्या खोलीतून ओरडली. "गोठ्यावर होते ते. इलोना रोज सांगते."

"धारा काढून झाल्या, आजोबा."

"सगळ्या गाईंच्या?"

"सगळ्यांच्या."

"आणि ती तांबडी? लाथ मारते ती."

"तिचीही काढली."

आजोबांनी तोंड उघडलं. त्या एका वाटीला पस्तीस मिनिटं लागली. मग अंथरुणं, मग दुपारची जेवणं. मार्लीस खाली उतरली तेव्हा साडेचार वाजले होते आणि पाठ सरळ होत नव्हती.

पडद्यावर इलोनाचं नाव अजून लालच होतं. मार्लीस खुर्चीत टेकलीसुद्धा नाही, सरळ ताउबर्टांच्या खोलीत गेली.

"मी इलोनाचे तास कापणार नाही. कापायचे तर तुम्ही कापा. कुणी कापले त्याची नोंद राहते."

ताउबर्टांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मला काय हौस आहे का? वर्षभर जाहिरात देतोय. मागच्या महिन्यात एक बाई आल्या, दोन दिवसांत निघून गेल्या."

मार्लीस म्हणाली, "इलोना बासष्टच्या आहेत. हे तास निवृत्तीच्या आधीची सुट्टी म्हणून जोडून द्या. तेवढ्या आधी सुटतील."

"आपल्या कर्मचाऱ्यांचं मंडळ हो म्हणेल?"

"त्यांच्याशी मी बोलते."

मंडळाने बारा दिवस घेतले, पण हो म्हटलं. इलोना करारावर सही करायला खाली आली ती ड्यूटी संपवूनच, पांढऱ्या चपलांत.

"म्हणजे साडेचार आठवडे आधी सुटले?"

"हो."

"ते दोन वर्षांनी," इलोना हसली. "उद्याचं बोल. उद्या सकाळी मी आणि काट्या, दोघीच."

"तिसरं पान छापायचं राहिलंय, बस जरा," मार्लीस म्हणाली. छपाई यंत्रात कागद अडकला होता. तो सोडवून ती वळली, तर इलोना मान भिंतीला टेकवून झोपली होती, पेन बोटांतच. मार्लीसने दार हळूच लोटून घेतलं, फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवला आणि छापलेलं पान हातात धरून उभी राहिली.