दोन कुलपांची पेटी

मी एक जुनी लोखंडी पेटी आहे. मित्रांनो, माझ्या अंगावर एके काळी हिरवा रंग होता आणि झाकणावर दोन कमळे होती. आता एका कमळाचा देठ तेवढा उरला आहे. १९९३ साली वारासिवनीच्या खेमराज मिस्त्रीने मला ठोकून तयार केले आणि जिजाबाईंनी मध्य प्रदेशातल्या बालाघाटला आपल्या घरी नेले. त्यांची मुलगी संघमित्रा माझ्यात पुस्तके ठेवी. दिवसातून दहादा माझे झाकण वाजायचे. ते माझे सुखाचे दिवस.

२००२ साली संघमित्रा आणि तिच्या चार सोबत्यांनी संगणकासाठी 'शब्दपाटी' नावाचा प्रोग्रॅम बनवला. हिंदी शब्द लिहिला की त्याचा मराठी शब्द समोर येई. इकडच्या पुष्कळ मराठी घरांतली मुले हिंदीच बोलतात, म्हणून ही खटपट. कोणाला पगार नव्हता, कोणी साहेब नव्हता. शब्द कोणीही आणावा, दुसऱ्या दोघांनी तपासावा. मोठी गोष्ट मात्र पाचही जण 'हौ' म्हणेपर्यंत करायची नाही. जे ठरेल ते एका लाल वहीत लिहायचे. ही वही आणि प्रोग्रॅमच्या मूळ सीडी ठेवायला जिजाबाईंनी मला देऊन टाकले.

पुढे बाहेरच्या एका माणसाने शब्दपाटी स्वतःच्या नावाने वाटली. सगळ्यांच्या जिवाला ते लागले. पाचांतले वडीलधारे, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले नीळकंठकाका म्हणाले, "सगळ्यांची वस्तू एकाच्या हाती नको. दोन कुलपे लावा." एक किल्ली संघमित्राकडे गेली, दुसरी पाचांतल्या अनयकडे. दोघे मिळूनच मला उघडणार. मला काकांच्या दिवाणाखाली सरकवले. मी फार मोलाची झाले, असे तेव्हा मला वाटले.

वर्षभरात अनय नोकरीला पुण्याला गेला. बैठका थांबल्या. दीड वर्ष मला उजेड दिसला नाही. काकांच्या चपलांचा आवाज येई आणि दूर जाई. पावसाळ्यात ओल आत शिरली. सीडींना बुरशी धरते आहे हे मला कळत होते, पण सांगणार कसे? माझे तोंड दोन कुलपांनी बंद होते.

२००५ च्या एका गुरुवारी मला ओढून बाहेर काढले. संघमित्रा कटंगीजवळच्या एका शाळेत मराठीचा तास फुकट घेई. शाळेचा संगणक बिघडला आणि त्यातली शब्दपाटी पुसली गेली. शनिवारपर्यंत ती परत चालली नाही, तर मराठीचा तास बंद करून गणिताला देऊ, असे शाळेने सांगितले होते. इतरांकडच्या सीडी खराब झाल्या होत्या, कोणाचे संगणक बदलले होते. चांगली प्रत उरली असलीच तर माझ्या पोटात.

"काका, अनयचं कुलूप तोडू काय?" संघमित्राने विचारले.

"अनयशिवाय कसं? नियम आहे ना आपला."

"नियमात काय लिवलं हाये ते पाहू मंग."

"वही कुठे आहे?"

मुलीबरोबर आलेल्या जिजाबाई म्हणाल्या, "पेटीत. आखीन कुठं राहीन? लय हुशार मानसं जमा झाले बापा."

काकांनी पुण्याला फोन लावला. अनय म्हणाला, "किल्ली? पाच खोल्या बदलल्या काका. तोडून टाका."

"फोनवरचं 'हौ' चालतं का, तेही वहीतच असेल," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

संघमित्राने हातोडी उचलली आणि खाली ठेवली. "उद्या कोणी म्हनंन, इनंच चोरलं. मीच हौ म्हटलं होतं या कुलपाले."

नियमांचे ते पान माझ्या पोटात होते. त्यावर काय आहे हे त्या खोलीत फक्त मला आठवत होते.

मग रेडिओ दुरुस्त करणारा पुनाराम आला. तोही पाचांतला. त्याने माझ्याभोवती एक फेरी मारली. "कुलपाले हात नोका लावू. मांगून खोलू." पक्कडीने त्याने माझ्या बिजागऱ्यांच्या तारा ओढून काढल्या. मला दुखले. झाकण मागच्या बाजूने उचलले गेले. दोन्ही कुलपे पुढे तशीच लटकत होती.

"म्हंजे चोराले दोन मिन्टं लागले असते," जिजाबाई म्हणाल्या.

संघमित्राने वही उघडली. नवव्या पानावर लिहिले होते: 'किल्लीवाला गावाबाहेर गेल्यास काय करावे? पुढच्या बैठकीत ठरवू.' खाली पाच सह्या. पहिली काकांची.

काकांनी चष्मा काढला. "पुढची बैठक आपण घेतलीच नाही," ते हळूच म्हणाले.

तीन सीडींपैकी दोन गेल्या होत्या. तिसरी पुनारामच्या दुकानातल्या संगणकावर चौथ्या खेपेला चालली. शनिवारी पहिल्या बसने संघमित्रा ती घेऊन कटंगीला गेली. मराठीचा तास वाचला. तिथून आल्यावर पाचवी सही पुण्याहून मागवून त्यांनी वहीत ठरवले, की शब्दपाटीची प्रत पाचही घरांत राहील, शाळेतही राहील, आणि दर महिन्याला कोणीतरी ती चालवून पाहील.

मित्रांनो, माझ्या बिजागऱ्यांच्या तारा परत बसवल्या नाहीत. झाकण नुसते वर ठेवलेले असते. मला त्याचे वाईट वाटत नाही. सगळ्यांची वस्तू जपायची म्हणजे कोंडून ठेवायची, असे समजू नका. ती कोण उघडील, तो नसला तर कोण, हे आधी ठरवा आणि सगळ्यांना दिसेल अशा जागी लिहा. तुमच्या घरी दिवाणाखाली माझ्यासारखी एखादी असेल, तर आज संध्याकाळी तिचे झाकण उघडा. आत काही नसले तरी चालेल. तिला जरा वारा लागेल.