दुसऱ्या भागातलं एक वाक्य

"रक्त पातळ होतं," हाजी खाटीक म्हणाला. "पहिल्या भागाच्या वेळी माझ्या दुकानातून बादलीभर गाईचं रक्त नेलं होतं. अंगावर पडलं की पडल्यासारखं वाटायचं. हे काय? सरबत!"

"त्या रक्तानं मुडद्यांची कामं करणाऱ्या निम्म्या पोरांना खरूज झाली होती, हाजी," मी म्हटलं.

"मुडद्याला खरूज झाली तर बिघडलं कुठं?"

किबांड्यातून माणसं अजून बाहेर येत होती. पत्र्याची ती शेड, आत लाकडी बाकं, एक पडदा आणि दोन कर्णे. तिच्या दारालगत माझी शेगडी. मी निखाऱ्यावर केळी भाजायची आणि खेळ सुटला की लोक तिथंच उभे राहून खात खात सिनेमाची चिरफाड करायचे. त्या दिवशी आमच्याच वस्तीत काढलेल्या झोंबीपटाचा दुसरा भाग लागला होता. पहिल्या भागातले मेलेले या भागात पुन्हा उठले होते.

"मला तर हाच आवडला," एक मोटारसायकलवाला म्हणाला. "आतडी किती लांब! ओढतायत, ओढतायत, संपतच नाहीत."

"बकऱ्याची होती ती," हाजी म्हणाला. "माणसाची म्हणून खपवतात आणि आम्ही खाटकांनी गप्प बसायचं?"

टोमॅटो विकणारी नालुबेगा तोंडाला रुमाल लावून भिंतीला टेकली होती. "मला ओकारी झाली. पुन्हा पाऊल टाकणार नाही इथं."

"पहिल्या भागालाही हेच म्हणाली होतीस."

"तेव्हा ओकारी एकदाच झाली होती."

सगळे हसले. मग कुणीतरी मागून ओरडलं, "सगळं खरं, पण पहिला अर्धा तास नुसतं बोलणंच बोलणं! अरे, चावणार कधी?" याला मात्र बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. फणसाच्या झाडाखाली डायरेक्टर सेबुलिबा वही घेऊन बसला होता. शाळेत फळा पुसायचं काम करून उरलेल्या वेळात सिनेमे काढणारा माणूस. लोक जे बोलतील ते तो मान खाली घालून लिहून घ्यायचा. ही तक्रारही त्यानं लिहून घेतली.

डेझिरांता सगळ्यांच्या मागून बाहेर आली. माझ्याजवळ उकिडवी बसली आणि हळूच म्हणाली,

"जाजा, तो काय म्हणाला?"

मला सगळे जाजाच म्हणतात, आजी या अर्थानं. पण 'तो' कोण हे विचारायची गरज नव्हती.

डेझिरांता वरच्या टेकडीवरच्या बंगल्यांतली धुणी धुवायची. तीस वर्षं. शाई, गंज, केळीचा चीक, कसलाही डाग काढायची. नवरा लवकर गेला. मुलगा एकच, कायेंबा. वयानं सव्वीस, कंपालाभर मोटारसायकलवरून माणसं पोचवायचा. पहिल्या भागात तो नुसता मुडदा होता. तोंडाला राख फासून गुरगुरत गेला, एवढंच. दुसऱ्या भागात त्याला जिवंत माणसाचं काम मिळालं आणि एक वाक्य मिळालं. चित्रीकरण करून घरी गेला तेव्हा आईनं विचारलं, काय बोललास रे? "आत्ता सांगत नाही," तो म्हणाला. "किबांड्यात येऊन ऐक." दोन महिन्यांनी एका ट्रकनं त्याला फरपटत नेलं. रेडिओवर मृतांच्या यादीत त्याचं नाव वाचलं गेलं, गावाकडे नेऊन आजोबांच्या शेजारी पुरलं. त्याचा फोन रस्त्यावरूनच कुणीतरी उचलून नेला. एक फोटो राहिला, शाळेतला, तोही पाठमोरा म्हणावा असा. आवाज कुठंच राहिला नव्हता. राहिला होता तो एवढ्या एका वाक्यात.

आणि ते वाक्य तिला ऐकू आलं नव्हतं.

कसं येणार? आमच्याकडे सिनेमा कुणी ऐकतच नाही. माझ्या लहानपणी सरकारची गाडी यायची, दोन बांबूंना पांढरं कापड ताणायची. कापडाशेजारी एक माणूस भोंगा घेऊन उभा असायचा आणि गोरे लोक काय बोलतायत ते आमच्या भाषेत सांगायचा. मनाला येईल ते सांगायचा, आता कळतं. पण काय रंगायचं ते! पडद्यावरची बाई रडली की हा भोंग्यात रडायचा. ती गाडी गेली, कापड गेलं, भोंगेवाला राहिला. आता त्याला व्हीजे म्हणतात आणि हातात माईक असतो. सिनेमा आमच्या भाषेतला असला तरी तो बोलतोच. तो बोलला नाही तर लोक आत बसत नाहीत. आमचा व्हीजे लुबोवा तर मोठा तोंडाळ. कायेंबा दाराशी उभा राहिला, समोर मुडद्यांची झुंड, त्यानं तोंड उघडलं, आणि लुबोवा माईकमध्ये ओरडला, "या पाहुण्यांनो, बसा! पण मला खाऊ नका, मी शनिवारपासून आंघोळ केलेली नाही!"

अख्खा किबांडा हसला. मीही दारातून हसले. डेझिरांतासुद्धा हसली असणार.

"तुम्ही तर तिथं होतात, जाजा," ती म्हणाली. "तुमच्याच अंगणात होता ना तो सीन?"

होता. तेच दार, माझं मागचं. मी केळी उलटवली. "थांब, आठवते," म्हटलं.

सगळ्या वस्तीत माझ्या आठवणीचा डंका. जागेची हद्द कुठली, कुणाचं पोर कुठल्या पुरात जन्मलं, विचारायला लोक माझ्याकडे येतात. सहासष्ट साली राजवाड्यावर तोफा डागल्या त्या सकाळी मी चुलीवर काय चढवलं होतं ते आजही सांगते. रताळी. पण त्या दिवशी अंगणात काय झालं म्हणाल, तर माझी रविवारची पांढरी गोमेसी, आमचा पायघोळ झगा, दोरीवर वाळत होती आणि त्या मेल्यांनी लाल रंगाची पिशवी फोडताना तिच्या कमरेवर हातभर शिंतोडा उडवला. मी ती ओढून नळाखाली धरली आणि सेबुलिबाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत चोळत बसले. पाठ दाराकडे. माझ्या पाठीमागे कायेंबा काहीतरी बोलला. मग गुरगुर, किंकाळी, आणि सेबुलिबा म्हणाला, "झकास! एकदाच पुरे." मी तोंड बंद केलं असतं तर ऐकू आलं असतं.

कायेंबानंच येऊन माझी समजूत काढली. "जाजा, खायचा रंग आहे. आईकडे द्या, दोन धुण्यांत जाईल." मी दिली नाही. रागानं तशीच पेटीत टाकली.

"आठवतंय का?" डेझिरांतानं पुन्हा विचारलं.

"नाही गं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी लुबोवाकडे गेलो. तो चहात चपाती बुडवून खात होता.

"काय म्हणाला ते तुला ठाऊक असेल," मी म्हटलं. "तू सिनेमा आधी बघतोस ना?"

"बघतो, जाजा. पण ऐकत नाही. त्याचं तोंड हललं की आपण काय बोलायचं एवढंच डोक्यात." मग तो डेझिरांताकडे वळला. एरवी कुणाचीही टर उडवणारा माणूस, पण तिच्याशी बोलताना त्याची नजर चपातीवरच होती. "कायेंबाची आई, आजच्या खेळाला या. पुढं बसा, कर्ण्याजवळ. तो दाराशी आला की मी गप्प बसतो. शपथ."

ती गेली. मीही शेगडी सोडून गेले. डेझिरांतानं बंगल्यावरून मिळालेला निळा झगा घातला होता. ती पुढच्या बाकावर, गुडघ्यावर हात ठेवून, चर्चमध्ये बसतात तशी. कुणाचं मुंडकं उडालं की डोळे मिटायची, पण कान कर्ण्याकडे.

कायेंबा दाराशी आला. लुबोवानं माईक खाली घेतला.

पण लोक गप्प बसले नाहीत. लगेच मागून कुणीतरी ओरडलं, "आवाज गेला!" त्याबरोबर सगळे सुरू झाले. "आवाज! आवाज!" शिट्ट्या, बाकांवर थापा, पत्र्यावर लाथा. "अरे लुबोवा मेला काय?" "तोही उठेल आता, थांब!" हसणं. डेझिरांता उभी राहिली, मागे वळली, दोन्ही हात वर केले, "अहो, गप्प बसा, एक मिनिट गप्प बसा," आणि लोकांना वाटलं बाई पडद्यासमोर आली, म्हणून ते अजूनच ओरडले. ती पुन्हा पडद्याकडे वळली तोवर तिच्या मुलाला मुडद्यांनी खाली पाडलं होतं.

खेळ संपल्यावर लुबोवा घाम पुसत आला. "माझं चुकलं, कायेंबाची आई. मी आधी लोकांना सांगायला हवं होतं. उद्या सकाळी या. किबांडा रिकामा असतो. तुम्हाला एकटीला लावून देतो. हवं तितक्या वेळा ऐका."

आत्ताच लाव, असं म्हणायला हवं होतं. पण पाच वाजता त्याच पडद्यावर फुटबॉलचा सामना होता, बाहेर पोरांनी रांग लावली होती, आणि डेझिरांता आयुष्यात कुणाला आत्ताच असं म्हणालेली नव्हती.

सकाळी गेलो तर लुबोवा दारातच डोक्याला हात लावून बसला होता. रात्री सेबुलिबा येऊन सिनेमाची तबकडी घेऊन गेला होता. लोकांना सिनेमा पसंत नाही, दुरुस्त करून आणतो म्हणाला.

सेबुलिबाच्या खोलीत आम्ही पोचलो तेव्हा तो खूश होता. रात्रभर जागला होता. वही समोर होती. "जाजा, सगळं केलं. रक्त जाड केलं, रंग वाढवून. लोक म्हणाले बोलणं फार, म्हणून बोलणं कापलं. आता माणूस दाराशी आला की थेट झडप!"

"कायेंबाचं बोलणं?" डेझिरांतानं विचारलं.

"तेही. दात लागतात ते ठेवलंय, छान आलंय ते."

"कापलेलं कुठं ठेवलंस?"

"ठेवायला जागा कुठंय? हे यंत्र एवढंसं. जुनं पुसल्याशिवाय नवं मावत नाही. तिसरा भाग..." तो बोलता बोलता थांबला. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तबकडीसुद्धा तीच पुन्हा भरली," तो म्हणाला. "मला सांगायचं होतं. कालच सांगायचं होतं ना! मला काय माहीत?"

तिनं सांगितलं नव्हतं. एकदा केलेला सिनेमा असतो तिथं राहतो, थडग्यासारखा, असं तिला वाटलं होतं. मलाही.

"वाक्य तूच दिलं असशील," मी म्हटलं.

"मी कुणालाच देत नाही, जाजा. भीती वाटल्यावर जे तोंडात येईल ते बोल म्हणतो." तो रडायला लागला. मोठा माणूस, वहीत तोंड घालून. डेझिरांतानंच त्याच्या पाठीवर हात ठेवला.

एक गोष्ट उरली. पहिल्या दिवशीचा खेळ लुबोवाच्या आवाजासकट भरून घेतला होता, त्याच्या तबकड्या रस्त्यावरच्या टपरीत मिळत होत्या. डेझिरांतानं एक आणली. तिच्याकडे टीव्ही नाही म्हणून दर रविवारी चर्चमधून माझ्याकडे यायची. तबकडी रुमालात गुंडाळलेली. त्यात कायेंबाचा आवाज लुबोवाच्या ओरडण्याखाली पार बुडाला होता, म्हणून मी आवाज पूर्ण बंद करायची, नाहीतर लुबोवा आंघोळीचं बोलायचा. कायेंबा दाराशी यायचा, तोंड उघडायचा, मिटायचा. ती पुन्हा मागे न्यायची. त्याच्या ओठांबरोबर आपले ओठ हलवायची, एक वाक्य, मग दुसरं, मग तिसरं, आवाज न करता. एकही बसायचं नाही.

वर्षभर मी हे बघितलं. शेवटी एका रविवारी माझ्याच्यानं राहवेना.

"डेझिरांता," मी म्हटलं, "मला आठवलं गं. काल पडल्या पडल्या एकदम आठवलं. तो म्हणाला, 'पळा, सगळे पळा, मी यांना थोपवतो.'"

ती माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं आणि मी देवाचे आभार मानले. मग तिनं पडद्याकडे बघितलं. चित्र मागे नेलं, पुढे नेलं. ओठ हलवले.

"नाही, जाजा," ती म्हणाली. रागानं नाही. "'पळा' म्हणताना दरवेळी ओठ मिटतात. त्याचे एकदाच मिटतात. अगदी शेवटी. मी मोजलंय."

तिनं तबकडी काढली, रुमालात गुंडाळली. जाताना दाराशी थांबून म्हणाली, "ती गोमेसी द्या. त्यानं सांगितलं होतं ना, माझ्याकडे द्यायला."

पेटीच्या तळातून काढून दिली. लाल रंग आता गुलाबी झाला होता. शनिवारी ती इस्त्री करून घेऊन आली. कापड नव्यासारखं पांढरं, कडा सुईसारख्या. डाग मात्र होता तिथंच, तसाच, त्याच्या कडेकडेनं धुतलेलं. तिच्या हातून न निघालेला मी पाहिलेला हा पहिला डाग.

त्यानंतर ती रविवारी आली नाही. तबकडी चालेनाशी झाली, असं नालुबेगाकडून कळलं. तिसरा भाग आला, त्यातलं रक्त हाजीलाही पटलं.

मी अजून तीच गोमेसी नेसून चर्चला जाते. वाटेत डेझिरांता भेटते, डोक्यावर धुण्याचं गाठोडं घेऊन. थांबते. आधी माझ्या कमरेवरच्या डागाकडे बघते, मग माझ्या तोंडाकडे, वाट बघत असल्यासारखी.